टॉर्चचा हाय आणि टर्बो मोड गायब, मिडीयमच्या वर चढतच नाही

जांबोटीचा_भात
मंडळी जरा मदत पाहिजे. १८६५० सेलवाला (तो जाडसर रिचार्जेबल लिथियम सेल) एलईडी टॉर्च आहे, बटण मागं शेपटीला, मोड पाच म्हणजे मूनलाईट (एकदम मंद उजेड), लो, मिडीयम, हाय, टर्बो. पावसाळ्याआधी एकदम टकाटक चालत होता. आता लो येतंय, मिडीयम येतंय आणि पुढं बटण दाबलं की हाय नाही न् टर्बो नाही, परत परत मिडीयमचाच उजेड. म्हणजे दाबलं की क्षणभर भक्कन उजळल्यासारखं होतंय आणि लगेच खाली बसतंय. सेल मीटरवर ४.१५ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे फुल्ल. दोन्ही टोकं फडक्यानं पुसून बघितली, फरक शून्य. आमच्याकडं भात पोटरीला आलंय, रात्री गवे उतरालेत, माळ्यावरनं बांधाच्या पलीकडं बघायचं म्हटलं तर मिडीयमचा उजेड पोचतच नाही. दुकानदार म्हणतो एलईडी गेला, नवीन घ्या. एलईडी गेला तर मिडीयमला कसा पेटतोय हेच मला कळंना. कुठनं सुरुवात करू?

निपाणी_नाका
सेल बदल की गा. सेलवर ९९०० एमएएच असं काही छापलंय का बघ. छापलं असेल तर सरळ खोटा सेल. ह्या साईजमध्ये चांगल्या कंपनीचा सेल ३५०० च्या आसपास येतो, ९९०० कुठनं आणणार, पोकळ नळीत वाळू भरून?

जांबोटीचा_भात
नाही अण्णा, २६०० लिहिलंय. टॉर्चबरोबर आलेला सेल आहे, दोन वर्षं चांगला चालला.

रानवाट_खानापूर
मोड ग्रुप बदलला असेल बघ. काही टॉर्चमध्ये आत प्रोग्रॅम असतोय, बटण भराभर बरेच वेळा टिचकवलं की ग्रुप बदलतो, पाच मोडचे तीन होतात, नाहीतर एकच राहतो. घरात बारकी पोरं असतील तर झालंच, टकटक टकटक करत बसतात. कन्वॉय कंपनीच्या जुन्या टॉर्चमध्ये बिस्कॉटी म्हणून फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम होता, त्यात असे १२ ग्रुप. माहितीचा कागद असेल तर वाच एकदा. आणि दादा, गव्याला टॉर्चचं भ्या नसतंय, डोळे चमकलेले दिसले की तोंडावर झोत मारत पुढं जायचं नाही, मागं सरायचं. एकटा असला तर जास्तच जपून.

सोल्डरवाली_अक्का
ग्रुप बदललेला नाही. ग्रुप बदलला असता तर हाय मोड यादीतनंच गेला असता, भक्कन उजळून खाली बसलं नसतं. तो भक्कन उजेडच महत्त्वाचा आहे आणि तू तो जाता जाता सांगितलास. त्याचा अर्थ एलईडी चांगला, ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या डोक्यातल्या सर्किटचा, हायचा भागही जिवंत, करंट सोडायला बघतोय पण त्याला मिळंना.

४.१५ हा आकडा टॉर्च बंद असताना घेतलेला. मीटर सेलकडनं करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं म्हातारा सेल असू दे नाहीतर गंजलेला कॉन्टॅक्ट असू दे, आकडा झकासच येणार. शेतातल्या मोटरीचं बघ, स्टार्टर दाबायच्या आधी मीटरवर व्होल्टेज भरपूर आणि मोटर उचलली की धाडकन खाली, तसलाच प्रकार.

आता हिशोब कर. मिडीयमला समज ०.७ अँपिअर लागतो, टर्बोला ३. वाटेत कुठंतरी अर्ध्या ओमचा अडथळा बसलाय असं धर. मिडीयमला ०.७ गुणिले ०.५ म्हणजे ०.३५ व्होल्ट वाटेत खाल्ला, ४.१५ मधले ३.८ उरले, एलईडी खूश. टर्बोला ३ गुणिले ०.५ म्हणजे दीड व्होल्ट गेला, उरले २.६५. पांढऱ्या एलईडीला एवढ्या करंटला ३.३ च्या आसपास लागतात, कुठनं पेटणार? आणि सेल फार खाली जाऊ नये म्हणून बऱ्याच ड्रायव्हरमध्ये लो व्होल्टेजची सोय असते, त्याला आत २.६५ दिसले की तो समजतो सेल संपला आणि आपणच खालच्या मोडवर उतरतो. तुझं हेच होतंय असं मला वाटतं.

अडथळा सेलच्या आत असेल नाहीतर शेपटीत असेल नाहीतर डोक्याकडं. पहिल्यांदा शेपटी तपास, फुकटात होतंय. मागचं टोपण पूर्ण काढ. सेल नळीतच राहू दे, आता त्याची निगेटिव्ह बाजू तुला दिसणार. जाडसर तांब्याची वायर घे, दोन्ही टोकं सोल, एक टोक सेलच्या निगेटिव्हवर दाबून धर आणि दुसरं नळीच्या काठाला टेकव, जिथं रंग नाही आणि उघडं ॲल्युमिनियम चमकतंय तिथंच. रंगावर टेकवलंस तर काही होणार नाही, तो रंग म्हणजे अॅनोडायझिंगचा थर, त्यातनं करंट जात नाही. टॉर्च पेटेल. मोड बदलायला वायर पटकन उचलायची आणि परत टेकवायची, बटणाचंच काम आहे ते. हाय टर्बो आले तर दोष शेपटीत, नाही आले तर सेल नाहीतर डोकं. आणि हे सगळं सेल नळीत असतानाच करायचं, सुट्ट्या सेलच्या दोन टोकांना वायर लावून बघूया म्हणून जाऊ नको, ते शॉर्ट आहे, हात भाजेल.

शहापूरचा_पंखा
अक्का मधीच विचारतो राग मानू नका, माझा टॉर्च तीन बारक्या पेन्सिल सेलचा आहे, गोल होल्डरमधे बसतात ते एएए. नवीन सेल घातले की पाच मिनिटं फुल्ल आणि मग तिन्ही मोड सारखेच दिसालेत. त्यालापण हेच का?

सोल्डरवाली_अक्का
तुझा आजार तोच, पण दोष सेलच्या जातीत. साधे अल्कलाईन एएए एवढा करंट फार वेळ देऊ शकत नाहीत, त्यांचा आतला अडथळाच जास्त. वर त्या होल्डरच्या स्प्रिंगा सहा ठिकाणी टेकतात. एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) रिचार्जेबल घालून बघ, अंगावर १.२ व्होल्टच लिहिलेले असतात पण करंट देताना ते दबत नाहीत.

शहापूरचा_पंखा
बघतो. कमी व्होल्टचा सेल घालून जास्त उजेड, हे काय गणित पटंना झालंय मला पण घालतो.

जांबोटीचा_भात
अक्का!! वायर लावली आणि टर्बो आला. अंगणातनं पलीकडच्या घराची कौलं मोजून घ्यावीत असा उजेड, शेजारच्या काकू ओरडल्या कोण आहे रे म्हणून. वायर टेकवून मोड बदलायला जरा कसरत होते पण पाचही मोड आहेत. म्हणजे शेपटी. आता टोपण उघडून आत बघालोय तर स्प्रिंग आहे आणि तिच्या भोवती पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची चकती दिसते, तिला दोन बारकी भोकं. ती कशी काढायची?

सोल्डरवाली_अक्का
ती रिटेनिंग रिंग, आट्याची असते. टोकदार चिमट्याची दोन टोकं त्या भोकांत घालून फिरव, सर्क्लिप प्लायर असेल तर अजून बरं. पहिल्यांदा काढू नको, आवळून बघ. अर्धा आटा जरी फिरली तर ती सैल होती. स्विचच्या पट्टीकडनं करंट त्या रिंगवाटे टोपणाच्या आट्यात जातो, रिंग सैल झाली की नुसती टेकून राहते, कमी करंटला चालून जातं, जास्तीला नाही. तुमच्या बाजूचा पाऊस बघता खाली पांढरट नाहीतर हिरवट काहीतरी साठलेलं असणार.

जांबोटीचा_भात
फिरली! बऱ्यापैकी फिरली. आणि काढून बघितली तर खाली पांढरी भुकटी. आमचा पाऊस काय विचारता, कणकुंबी जवळच, मलप्रभा तिथनंच निघते, जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनापण बुरशी येते. पेट्रोलनं पुसू का? गाडीत आहे.

सोल्डरवाली_अक्का
पेट्रोल नको, आतलं रबर फुगतं. मोबाईल रिपेरीच्या दुकानात आयपीए म्हणून मागितलं की देतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल. कान साफ करायच्या काडीला लावून रिंग, आटे, टोपणाची आतली कड, नळीचा काठ सगळं पुस, काडी काळी यायची थांबली की पुरे. भुकटी नाही गेली तर खोडरबरानं घास. सँडपेपर मारू नको, रंग निघाला की पुढच्या पावसात तिथंच परत गंजणार. वाळलं की रिंग चांगली आवळ. ओ-रिंगला (पाणी अडवणारी रबरी रिंग) आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ बोट फिरवल्यासारखं, व्हॅसलिन नको, काही रबरं त्यानंपण फुगतात.

निपाणी_नाका
आणि त्या स्प्रिंगचं काय? मी ऐकलंय स्प्रिंगला वायर सोल्डर केली की उजेड वाढतो.

सोल्डरवाली_अक्का
वाढतो, पण किती ते स्प्रिंगवर आहे. बारीक स्टीलची स्प्रिंग असेल तर ती स्वतःच अडथळा असते, ३ अँपिअरला तापतेसुद्धा. २२ गेजची सिलिकॉन वायर स्प्रिंगच्या मधनं वरच्या टोकापासनं खालच्या पट्टीपर्यंत सोल्डर करायची, थोडी ढिली ठेवायची म्हणजे स्प्रिंग दबताना वायर ओढली जात नाही. पण हे स्प्रिंगला, सेलला सोल्डरिंग आयर्न कधीच लावायची नाही. जांबोटीवाल्या, तुला आत्ता गरज नाही, तुझ्या वायरनं टर्बो आला म्हणजे सेल आणि डोकं दोन्ही ठीक आहेत.

रानवाट_खानापूर
समजा वायर लावूनपण आला नसता तर? नुसतं माहितीसाठी.

सोल्डरवाली_अक्का
तर पहिल्यांदा दुसऱ्या टॉर्चमधला चांगला सेल घालून बघायचा. प्रोटेक्टेड सेल (आत संरक्षणाचं सर्किट असलेला) असला तर लांबी बघून, तो ६५ मिलीमीटरपेक्षा तीन-चार मिलीमीटर जास्त असतो, काही टॉर्चमध्ये टोपणच लागत नाही. त्यानंही नाही झालं तर डोक्याकडं ड्रायव्हरलापण तसलीच रिंग असते, ती आवळायची. मग उरला ड्रायव्हर. त्यावर ७१३५ नावाच्या बारक्या चिप असतात, एकेक ३५० मिलिअँपिअरची, आठ लावल्या की २.८ अँपिअर. काही ड्रायव्हरमध्ये लोसाठी एकच चिप आणि हायसाठी बाकीच्या, नाहीतर एक एफईटी, म्हणजे जास्त करंट सोडणारा ट्रान्झिस्टर. हायचा भाग मेला तर लो, मिडीयम येत राहतं आणि वर काहीच होत नाही, पण तेव्हा तो भक्कन उजेडही येत नाही.

जांबोटीचा_भात
खानापुरातनं आयपीए आणलं, पुसलं, आवळलं. हाय आणि टर्बो दोन्ही बटणावर यायला लागले. एकच शंका, टर्बो दोन-तीन मिनिटं राहतो आणि मग आपणच कमी होतो. परत तेच सुरू झालं का काय?

सोल्डरवाली_अक्का
कमी होताना टॉर्चचं डोकं हाताला कसं लागतं?

जांबोटीचा_भात
गरम. धरवत नाही जास्त वेळ.

सोल्डरवाली_अक्का
मग बरोबर चाललंय. तापलं की नाहीतर ठरलेला वेळ झाला की ड्रायव्हर उजेड उतरवतो, नाहीतर एलईडी जळेल. डोकं थंड असताना दोन-तीन सेकंदांत खाली बसलं तरच परत टोपण उघड. माळ्यावर हायवर ठेव, लांब बघायचं असेल तेवढ्यापुरता टर्बो मार, सेलपण रात्रभर पुरेल.