नवरा तिकडे, फाईल इकडे: फॅमिली व्हिसाचे अनुभव

मुलुंडची_मैना:
काल दादरला एका फोटो स्टुडिओत गेले होते. एक आजोबा सहा-सात महिन्यांच्या नातवाला मांडीवर धरून बसलेले आणि त्यांच्यावर पांढरी चादर टाकलेली, म्हणजे फोटोत आजोबा येऊ नयेत. बाळ चादर ओढतंय, आई खुळखुळा वाजवतेय, फोटोवाला ओरडतोय, "डोळे उघडे पाहिजेत, तोंड बंद पाहिजे." विचारलं, कुठल्या देशाचा? यूके, सेटलमेंट, म्हणजे तिकडे कायमचं राहायला जायचा व्हिसा. झालं, मला 2013 आठवलं.

नवऱ्याला तिकडे आयएलआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेला, मी आणि लेक इथे सासरी. आदल्या वर्षीच्या जुलैपासून उत्पन्नाची अट आलेली: बायकोला बोलवायचं तर वर्षाला 18,600 पौंड, पहिल्या मुलाचे वर 3,800. आमचे 22,400 झाले. पगार तेवढा होता हो, पण नोकरी नवी, आणि एकाच ठिकाणच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या नि बँकेची स्टेटमेंटं हवीत. मग बसा वाट बघत. सासूबाई शेजारणींना दर वेळी "पुढच्या महिन्यात जातील" म्हणायच्या. कॉलनीत जो भेटेल तो "अगं, अजून इथेच?" त्या "अजून इथेच"चा इतका वैताग यायचा की भाजीसुद्धा मी स्टेशनच्या पलीकडून आणायला लागले.

लेकीच्या पासपोर्टला दोघांची संमती लागते. नवऱ्याच्या सहीचा कागद तिकडच्या भारतीय वकिलातीतून होऊन आला, तो घेऊन पोरीला कडेवर मारून मी मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. तिथे पोरगी टोकनचा कागद चघळत होती.

तुम्हीही लिहा. फॉर्म कसा भरायचा ते नको, ते साईटवर आहे. मधले दिवस कसे काढले ते लिहा.

लोकलवाला_काका:
बाळाला जमिनीवर पांढऱ्या चादरीवर निजवायचं आणि आपण स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा. फुकट. स्टूल घट्ट धरायला मेहुणा लागतो.

चहात_आलं:
मस्त धागा मैना. कुकर लावलाय, शिट्ट्यांच्या मधे लिहितेय.
आमचं सगळं नावावर अडलं. लेकाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा रिकामी! बारसं व्हायच्या आधीच दाखला काढलेला, नंतर कोण बघतंय. पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं म्हणून वाचलो, वॉर्ड ऑफिसात लेट फी भरून घातलं. मग लग्नाचा दाखला. लग्न होऊन चार वर्षं झालेली, नोंदणी केलीच नव्हती. त्या फॉर्मवर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी कोकणात गावी जाऊन राहिलेले. सासरे फॉर्म घेऊन रात्रीच्या एसटीने गेले, सही आणली, वर फणसही आणला.
आणि मी माहेरच्या नावाने बीएस्सी, सासरच्या नावाने पासपोर्ट. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातलं नाव बदलल्याचं गॅझेट अजून जपून ठेवलंय.

पार्ल्याची_पोर:
फणस कापा की बरका?

चहात_आलं:
बरका. आख्खी फाईल घमघमत होती.

का_एस_हा:
आम्ही जर्मनी, 2010. बायकोला जायच्या आधी ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली परीक्षा, पास होणं सक्तीचं. मुलगा सव्वा वर्षाचा, घर वसईला, क्लास काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात. आईकडे मुलगा टाकून ही चर्चगेट फास्ट पकडायची, लेडीज डब्यात डेअर-डी-दास घोकायची. समोरच्या मासेवाल्या मावशींना वाटलं काहीतरी स्तोत्र आहे, त्या म्हणाल्या मोठ्याने म्हण गं, आम्हीपण ऐकतो.
तोंडी परीक्षेत नावाचं स्पेलिंग जर्मन उच्चारात सांगावं लागतं. आमचं आडनाव म्हात्रे. एम, हा, आ, टे, एर, ए. आमच्या घरात अजून कोणी शिंकलं की दुसरा म्हणतो "म्हात्रे".

रात्रपाळी:
नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असेल तर बायकोला ए-वन लागत नाही.

का_एस_हा:
साहेब, जर्मनीत ब्लू कार्ड 2012 ला आलं. आमच्या मावशींचं स्तोत्र तोवर पाठ झालं होतं.

सुपारी_फुटेना:
का_एस_हा, मग आयडी का_एस_हा का? म्हात्र्यांत क नाही.

का_एस_हा:
बायको माहेरची क्षीरसागर, स्पेलिंगची सुरुवात का, एस, हा. परीक्षा तिने दिली, आयडी तिच्या मानाचा.

झेरॉक्सवाली_वहिनी:
नातं खरं आहे म्हणून पुरावे द्यायचे तर लोक चॅट लावतात. मी पण लावलं. काय होतं त्यात? "दूध आलं का." "गॅस बुक कर." "आईंची बीपीची गोळी संपली." "हो." "हो." "बरं." एवढ्यात एक कुठेतरी "जेवलीस का". नाक्यावरचा झेरॉक्सवाला एकेक पान काढताना वाचत होता. म्हणाला, वहिनी, यांना खात्री पटेल, एवढं रटाळ फक्त खरं लग्नच असतं.
व्हिसा आला.

लोकलवाला_काका:
हाहाहा. त्याला पेढे दिले की नाही?

झेरॉक्सवाली_वहिनी:
दिले. त्याने झेरॉक्सचे पैसे पूर्ण घेतले.

निळी_छत्री:
टीबी टेस्टचं कोणी लिहिलं नाही. यूकेला सहा महिन्यांच्या वर राहायचं तर त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमधूनच सर्टिफिकेट हवं. अकरा वर्षांखालच्या मुलांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत, डॉक्टर प्रश्न विचारतात. माझ्या मुलाला विचारलं, खोकला होतो का? त्याने लगेच खोकून दाखवलं. मी घाम पुसतेय आणि तो परत परत करून दाखवतोय. डॉक्टर हसले म्हणून निभावलं.
माझ्या जावेच्या एक्स-रेत जुना डाग निघाला, तिला थुंकीची तपासणी सांगितली. त्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे जातात. तोवर मुलांच्या शाळेचा दाखला काढून झालेला. दोन्ही मुलं घरी, शाळा नाही न् काही नाही. ती म्हणायची, डाग फुफ्फुसावर आहे पण बघतात सगळे तोंडाकडे.

चहात_आलं:
अगं बाई. जाऊबाई आता बऱ्या आहेत ना?

निळी_छत्री:
ठणठणीत. लेस्टरला डबे देते.

एचफोर_ची_बाई:
आमचं अमेरिका, एचफोर, म्हणजे नवरा नोकरीच्या व्हिसावर असला की बायकोला मिळतो तो, सेटलमेंट नाही खरं तर, पण लिहू द्या. बीकेसीला पर्स नेऊ देत नाहीत, मोबाईल नेऊ देत नाहीत. माझ्या कडेवर पोर. डायपर खिशात कोंबून गेले. आधी कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं तेव्हा माझी आतेबहीण भर मे महिन्यात फुटपाथवर रांगेत उभी होती, त्यामानाने आम्ही राजे.
पोचल्यावर काम करता येत नव्हतं. बँकेत नऊ वर्षं नोकरी केलेली मी, फॉर्मवर 'डिपेंडंट'. 2015 मध्ये काही एचफोरवाल्यांना कामाचं परमिट मिळायला लागलं, पण नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यावर हवं, आमचं नव्हतं. पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्यांचे टॅक्स रिटर्न फुकट तपासून द्यायचे. असो. विषय भरकटला.

निळी_छत्री:
नाही भरकटला. लिही अजून.

मराठी_शाळेतली_बाई:
मी एमए इंग्रजी, ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायचे. यूकेसाठी इंग्रजीची ए-वन स्पीकिंगची परीक्षा दिली, कारण पदवी इंग्रजीतून झाल्याचं पत्र मिळवायच्या खेपांपेक्षा परीक्षा परवडली. दुसऱ्या परीक्षार्थीशी गप्पा मारायच्या असतात. समोर एक नवी नवरी, घाबरून पांढरी पडलेली. मी सवयीने तिला उत्तरं सुचवायला लागले. परीक्षकबाई म्हणाल्या, मॅडम, तुम्ही फक्त तुमचं बोला.

नवी_फाईल:
मी आत्ता याच चक्रात आहे, ठाण्याला. वाचून रडू आणि हसू एकदम येतंय. एप्रिल 2024 पासून उत्पन्नाची अट 29,000 आहे, मुलांचे वेगळे लागत नाहीत एवढंच सुख. हेल्थ सरचार्जचा, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायच्या पैशांचा, मात्र हिशेब केला तेव्हा मी खाली बसले. 33 महिन्यांच्या व्हिसाला तीन वर्षांचा धरतात, माझे 3,105 पौंड, मुलीचे 2,328. व्हिसाची फी वेगळी. आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी परत भरायचाच आहे. माझी पाटल्यांची जोडी मोडली. आईला अजून सांगितलेलं नाही, कोणी सांगू नका.

मुलुंडची_मैना:
नाही सांगत गं. आमच्या वेळी सरचार्ज नव्हता, तो 2015 ला आला. तुझी मुलगी केवढी?

नवी_फाईल:
चार. पाचच्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. ती रुसलीये, तिला शाई लावायची होती. रोज बाबाला व्हिडिओ कॉलवर विचारते, तू टीव्हीतला आहेस की खरा.

निवृत्त_पोस्टमन:
आम्ही मागे राहिलेल्या बाजूचे. सून आणि दोन्ही नातवंडं गेली त्या रात्री टी-टूला सोडून आलो. दुसऱ्या दिवशी हिने सवयीने सहा माणसांच्या पोळ्या केल्या. चार दिवस फोडणीची पोळी खाल्ली. बाकी ठीक.

पार्ल्याची_पोर:
काका, फोडणीच्या पोळीत गूळ घालता का?

निवृत्त_पोस्टमन:
चिमूटभर. वर ओला नारळ.

नवी_फाईल:
कोणीतरी सांगा, आई साजूक तूप देतेच आहे. नेऊ का?

निळी_छत्री:
नको. भारतातून दूध-दुभत्याचं काही आत नेऊ देत नाहीत. पेढे, बर्फी, तूप सगळं काढून घेतील. मेतकूट, गोडा मसाला, कोकम ने. बॅगा आधी काट्यावर घाल, विमानतळावर मेतकुटाची पिशवी बाहेर काढून अंगावरच्या कोटात कोंबणारी बाई मी पाहिली आहे.

झेरॉक्सवाली_वहिनी:
ती मी नव्हे.

नवी_फाईल:
हुकचा वजनकाटा कोणाकडे आहे का, चार दिवस?

मुलुंडची_मैना:
माझ्याकडे आहे. पश्चिमेला राहते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते पत्ता. रविवारी दुपारी दोन ते चार येऊ नकोस, झोपते.