परमिशन डिनाइड आलं की ‘७७७ मारा’? नको!

देवगडकर: काल इथे एकाने विचारलं, ‘लिनक्सवर साइटचे फोटो अपलोड होत नाहीत, परमिशन डिनाइड येतंय.’ लगेच खाली उत्तर, ‘सीएचमॉड ७७७ मारा, विषय संपला.’ असा संपत नाही हो विषय! सीएचमॉड ही फाइलच्या परवानग्या बदलायची कमांड; ७७७ म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, तिघांनाही वाचायची, लिहायची, चालवायची मोकळीक. आधी बघा, वेब सर्व्हर कुठल्या युजरने चालतोय. उबुंटूवर बहुधा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. अपलोडचं फोल्डर तेवढं त्याच्या नावावर करा. आणि विचारणाऱ्यांनो, ‘एलएस -एल’चं आउटपुट टाका, त्यात फाइलचा मालक आणि परवानग्या दिसतात. नुसतं ‘चालत नाही’ म्हटल्यावर कोण काय सांगणार?

कुडाळची ताई: ऐन हापूसच्या सीझनात ऑर्डरी अडकल्यात आणि तुम्ही त्याची परीक्षा घेताय! माझी साइट ७७७ नेच सुरू झाली.

दापोलीकर: एका गिऱ्हाइकाकडे कुणीतरी हेच ‘-आर’ लावून (म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींसकट) थेट रूटवर, अख्ख्या सिस्टिमच्या मुळाशी चालवलं. फाइलींचे सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) उडाले, अ‍ॅडमिनचे हक्क देणारी सुडो कमांडच बंद. दुरून लॉगिन करायचं एसएसएचही ‘की’ (लॉगिनची किल्ली-फाइल) घेईना. शेवटी सगळं नव्याने इन्स्टॉल केलं. ते निस्तरायला तुमचा सल्लागार येतो का?

मालवणकर: तुमका बोलूक काय जाता! हय पावसात लाईट गेली की मागोमाग टॉवर बंद. तुमचे चार प्रश्न येयसर रात जाता. माणसाक एका ओळीत उत्तर व्हया.

दापोलीकर: लाईटचं आम्हाला सांगता? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती.

मालवणकर: आणि २०२१ चा तौक्ते खय गेला? आमचे पोल पडले ते कोणी मोजले?

देवगडकर: अहो, वादळं कुठे काढताय!

कुडाळची ताई: का नको? ज्याला दहा मिनिटं नेट मिळतं त्याला तुकड्या-तुकड्याने प्रश्न विचारणं हा अन्याय आहे. काय हवं ते एकदाच मागा.

देवगडकर: बरं, हे पटलं. मग एकदमच टाका: पूर्ण एरर, ‘आयडी’ (तुम्ही कुठले युजर ते सांगणारी कमांड) आणि ‘नेमआय -एल’ पुढे फाइलचा पूर्ण पाथ (वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या दिसतात). वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स, म्हणजे आत जायची परवानगी, नसेल तर आतल्या फाइलला ७७७ देऊनही ती उघडत नाही.

कुडाळची ताई: हे पहिल्याच उत्तरात लिहिलं असतंत तर एवढं भांडण झालं नसतं. माझं ७७७ आज काढते. पण नवख्यावर खेकसणाऱ्यांनाही कुणीतरी बोला.

मालवणकर: माझ्या विंडोजवाल्या एनटीएफएस ड्राइव्हवर सीएचमॉड करून कायच बदलणा नाय, ता कित्या?

दापोलीकर: तिथे परवानग्या माउंट करताना, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडताना ठरतात. एफएसटॅब या माउंटच्या नोंदींच्या फाइलमधली तुमच्या ड्राइव्हची ओळ इथे टाका, लाईट आहे तोवर.