डी५६०० साठी पक्ष्यांची लांब झूम: ६० हजारांत सिग्मा १५०-६००, निकॉन २००-५०० की १००-४००?

पाणकाठी

नमस्कार मंडळी. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत किटमध्ये आलेली एएफ-पी ७०-३०० (व्हीआरवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी). फोटो पक्ष्यांचेच, पुण्याच्या आसपास: कवडीपाट, सिंहगडाची दरी, हिवाळ्यात भिगवण. ३०० ला खंड्या फ्रेममध्ये एवढासा येतो आणि क्रॉप केला की पिसांचा नुसता लगदा दिसतो.

बजेट ६० हजार, वापरलेली लेन्स चालेल. डोक्यात चार नावं आहेत: सिग्मा १५०-६०० कन्टेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२, निकॉन २००-५०० एफ/५.६ आणि हलकी म्हणून सिग्मा १००-४००. ट्रायपॉड नको, हातात धरूनच काम. आहे त्या ७०-३०० वर टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावून भागत असेल तर तेही सांगा.

भिंगवाला

टेलिकन्व्हर्टरचा विषय आधी मिटवू. तुमची लेन्स ३०० ला एफ/६.३ आहे (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो, म्हणजे हातात उरतं एफ/९. डी५६०० चा ऑटोफोकस एफ/५.६ धरून बनवलेला आहे. एफ/६.३ ला तो चांगल्या उजेडात निभावून नेतो, एफ/९ ला नुसता मागे-पुढे शोधत बसतो. शिवाय निकॉनचा स्वतःचा कन्व्हर्टर या लेन्सवर बसतच नाही. तेव्हा ते पैसे वाचवा.

आता लेन्स. नावांची तुलना करण्याआधी पक्षी सेन्सरवर किती मोठा पडतो ते काढा. हिशोब सोपा आहे: फोकल लेंग्थ (मिमी) गुणिले पक्ष्याची लांबी (मीटर), भागिले अंतर (मीटर). उत्तर सेन्सरवरच्या मिलिमीटरमध्ये येतं. डी५६०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि ६००० पिक्सेलचा, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल.

खंड्या २८ सेंमी, अंतर २० मीटर धरू. ३०० ला तो ४.२ मिमी पडतो, सुमारे १०७० पिक्सेल. ४०० ला १४३०, ५०० ला १७८५, ६०० ला २१४०. माझ्या मते पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत १५०० पिक्सेलच्या वर गेला की ८ बाय १२ इंचाची प्रिंट बिनधास्त निघते. हजाराच्या आसपास मोबाइलवर बरा दिसतो, पण पिसं मोजायला जाऊ नका. आता शिंजीर घ्या: १० सेंमीचा जीव, ८ मीटरवर. ३०० ला ९५५ पिक्सेल, ६०० ला १९१०. छोट्या पक्ष्यांसाठी ६०० ला पर्याय नाही तो यामुळे.

४०० आणि ३०० मधला फरक फक्त सव्वा-दीड पटीच्या मधला, १.३३. तेवढ्यासाठी बजेटचा मोठा हिस्सा घालवणं मला पटत नाही. तेव्हा सिग्मा १००-४०० बाद.

राहिल्या तीन. निकॉन २००-५०० काच म्हणून उत्तम, ५०० पर्यंत एफ/५.६ कायम. पण दोन गोष्टी तुमच्या विरोधात जातात. एक, कॉलरसकट (ट्रायपॉडला बसवायच्या कड्यासकट) २.३ किलो. दुसरी जास्त महत्त्वाची: डी५६०० मध्ये एएफ फाइन-ट्यून नाही. लेन्स तुमच्या बॉडीवर जरा पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर दुरुस्तीचा रस्ता एकच, बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला देणं. डी७२०० किंवा डी५०० असती तर मी निकॉनच सांगितली असती.

सिग्मा कन्टेम्पररीला (म्हणजेच सिग्मा सी) यूएसबी डॉक, म्हणजे लेन्स कॉम्प्युटरला जोडायची चकती, लागतो आणि त्यातून फोकसचं कॅलिब्रेशन लेन्समध्येच साठवता येतं: चार फोकल लेंग्थ, प्रत्येकी चार अंतरं, एकूण १६ आकडे. बॉडी काहीही असो. टॅमरॉन जी२ ला हेच काम टॅप-इन कन्सोल करतो. म्हणून डी५६०० वाल्याने वापरलेली सिग्मा सी किंवा टॅमरॉन जी२ घ्यावी, आणि बजेटमध्ये डॉकचे पैसे पहिल्यापासून धरावेत. डॉक माउंटप्रमाणे वेगळा येतो, निकॉनचाच मागा. कॅननवाला मित्राकडून उसना आणून उपयोग नाही.

एफ/५.६ विरुद्ध एफ/६.३ यावर लोक उगाच भांडतात. फरक एक तृतीयांश स्टॉपचा: निकॉनला जिथे आयएसओ ३२०० लागेल तिथे सिग्माला ४०००. सिग्मा ४०० च्या आसपासच एफ/६.३ होते हे मात्र माहीत असू द्या.

हलकं_ओझं

भिंगवाला यांचा हिशोब बरोबर, निकाल घाईचा. तो हिशोब अंतर ठरलेलं आहे असं धरून चालतो. सिग्मा सी १९३० ग्रॅम, वर बॉडी ४६५. २.४ किलो गळ्यात घालून सिंहगडाच्या दरीत सकाळचे तीन तास चालून बघा. तासाभरात लेन्स खाली लोंबायला लागते आणि पक्षी समोर आला की उचलेपर्यंत तो गेलेला असतो.

सिग्मा १००-४०० चं वजन ११६० ग्रॅम. दरीत, कर्नाळ्यात, कुठल्याही झाडीत पक्षी बहुधा ६ ते १२ मीटरवर असतात, मध्ये फांद्या असतात, आणि खरी अडचण उजेडाची असते. तिथे ६०० एमएमला दृश्यकोन इतका अरुंद होतो की पानांच्या गर्दीतला स्वर्गीय नर्तक व्ह्यूफाइंडरमध्ये सापडेस्तोवर जागा बदलतो. १००-४०० किमान १.६ मीटरवर फोकस करते, सिग्मा सी २.८ मीटरवर. फुलपाखरं, सरडे हे बोनस.

तिचे तोटेही सांगतो. ट्रायपॉड कॉलर नाही आणि बसवायची सोयही नाही. त्यामुळे मोनोपॉड (एकपायी स्टँड) लावलाच तर कॅमेऱ्याच्या तळाला लावावा लागतो आणि सगळा भार माउंटवर येतो. भिगवणला ती तोकडी पडेल हेही मान्य.

पाणकाठी, तुम्ही वर्षात चालत जास्त फिरता की पाण्याकाठी जास्त बसता? त्यावर ठरवा. पिक्सेल घरी आल्यावर मोजायचे असतात, वजन रानात.

भिंगवाला

वजनाचा मुद्दा मान्य. पण त्यांची यादी बघा: कवडीपाट आणि भिगवण, दोन्ही पाण्याच्या जागा. रोहित पक्षी उभा राहिला की साधारण १.३ मीटर उंच. ६० मीटरवरून ६०० ला तो सेन्सरवर १३ मिमी येतो. आडव्या फ्रेमची उंची १५.६ मिमी, म्हणजे जवळजवळ भरली. ४०० ला पावणेनऊ मिमी. थवा घ्यायचा झाला तर १५० पर्यंत मागे येता येतं. शिवाय सिग्मा सी चं टोक धरून पुढे-मागे ओढूनही झूम होतो, उडत्या पक्ष्याला ते फार सोयीचं पडतं. निकॉन २००-५०० ची रिंग एका फिरकीत पूर्ण होत नाही, मनगट दोनदा वळवावं लागतं.

आणि गळ्यात घालायचीच नाही ती. पट्टा लेन्सच्या कॉलरच्या पायाला अडकवा आणि खांद्यावरून तिरका घ्या. दोन किलोची लेन्स कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लोंबकळत ठेवली की माउंटचे स्क्रू सैल होतात.

जुनाबाजार

कोणतीही घ्या, पण वापरलेली घेताना घाई नको. क्रमाने तपासा.

आधी मॉडेल. जाहिरातीत नुसतं "टॅमरॉन १५०-६००" लिहिलेलं असतं. बॅरलवर ए०२२ असेल तर जी२, ए०११ असेल तर जुनी. जुनीला टॅप-इन कन्सोल चालत नाही, म्हणजे वर सांगितलेला सगळा फायदा गेला. सिग्मावर गोलात सी हवा. एस असेल तर ती स्पोर्ट्स, २८६० ग्रॅमची, तुमच्या कामाची नाही. आणि कोणी स्वस्तात निकॉनची जुनी ८०-४०० एएफ व्हीआर देत असेल तर नमस्कार करून निघा: तिला मोटर बॉडीतली लागते, ती डी५६०० मध्ये नाही. फोकस हाताने फिरवत बसाल.

मग काच. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलची टॉर्च मागून तिरकी मारा आणि पुढून बघा. दोन-चार धुळीचे कण सगळ्याच लांब झूममध्ये असतात, झूम करताना लेन्स हवा आत ओढते. त्याची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा कडेने दुधाळ पट्टा दिसला तर ती बुरशी. कोकण, मुंबई, गोव्यातून आलेल्या लेन्समध्ये हे हटकून बघा. साफ करून घेता येते, पण बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही.

नंतर स्थिरीकरण. व्ह्यूफाइंडरमधून ६०० ला बघत शटर अर्धं दाबा. चित्र एका क्षणात चिकटल्यासारखं थांबलं पाहिजे. ते उडी मारत असेल किंवा आतून खरखर येत असेल तर सोडून द्या, ती दुरुस्ती महाग असते.

शेवटी धार. १५ ते २० मीटरवर विटांची भिंत किंवा छापील मजकुराचं खोकं गाठा. कॅमेरा कट्ट्यावर टेकवा, लेन्स पूर्ण उघडी, शटर १/१००० च्या वर. व्ह्यूफाइंडरने पाच फोटो, लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) पाच, प्रत्येक वेळी मध्ये फोकस मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर फोकस पुढे-मागे आहे, डॉकने सुधारेल. दोन्ही मऊ आले, किंवा डावी बाजू धारदार आणि उजवी धुरकट आली, तर आतली काच सरकलेली आहे. तिला डॉकही काही करू शकत नाही. भिंतीला समांतर उभे राहा मात्र, नाहीतर निष्पाप लेन्सला फाशी द्याल.

बिलावरचा आणि लेन्सवरचा सिरियल नंबर जुळवा. सिग्मा सी नवीन घ्यायची तर तुमचं बजेट ओलांडेल. वापरलेली बसते, पण "नवीकोरी, इम्पोर्टेड, बिलाशिवाय" अशी याच भावात कोणी दिली तर भारतात वॉरंटी नाही असं धरून चाला.

पुढच्या काचेवर ९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढून तपासा आणि काढूनच ठेवा. ६०० ला तो चित्र मऊ करतो. संरक्षणाला हूड पुरतं.

पाणकाठी

हलकं_ओझं, बसणं जास्त, चालणं कमी. तेव्हा सिग्मा सी पक्की, डॉकसकट शोधतो. दोन शंका. डी५६०० वर सेटिंग काय ठेवू? आणि भिगवणला होडीत मोनोपॉड न्यावा का?

भिंगवाला

होडीत मोनोपॉड नको. इंजिनाची थरथर त्यातून सरळ लेन्समध्ये चढते. मांडी घालून बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, ओएस (सिग्माचं स्थिरीकरण) चालू. होडी जितकी बुटकी तितका कोन चांगला, तेव्हा उभं राहण्याच्या फंदात पडू नका. नावाड्याला आधीच सांगा की थव्यावर होडी घालायची नाही, लांबून इंजिन बंद करून वाहत जायचं. उडवलेल्या थव्याचे पाठमोरेच फोटो मिळतात आणि पक्ष्यांचं चरणं मोडतं ते वेगळंच.

सेटिंग: मोड एम, छिद्र एफ/६.३ ते एफ/७.१, ऑटो आयएसओ कमाल ३२००, अगदीच अंधारलं तर ६४००. सिग्मा सी ६०० ला एफ/८ वर थोडी जास्त धारदार होते, पण ती चैन भरपूर उजेडातच. बसलेल्या पक्ष्याला शटर १/८००, उडत्या बगळ्या-रोहितांना १/१६००, वेड्या राघूला १/३२०० सुद्धा कमी पडतो. एएफ-सी (सतत फोकस), मधला पॉइंट किंवा ९ पॉइंटचा डायनॅमिक. डी५६०० च्या ३९ पैकी मधले ९ पॉइंटच क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे, आहेत. एफ/६.३ ला कडेच्या पॉइंटवर भरवसा ठेवू नका. एई-एल/एएफ-एल बटणाला मेनूतून एएफ-ऑन द्या, म्हणजे फोकस अंगठ्याने आणि शटर बोटाने.

लेन्सवरचा फोकस लिमिटर १० मीटर ते अनंत यावर ठेवा. पाण्यावर फोकस चुकला की लेन्स २.८ मीटरपर्यंत येऊन परत जाण्यात पक्षी निसटतो, ते वाचतं. पण मग जवळच्या फांदीवर धीवर येऊन बसला तर लेन्स फोकसच करणार नाही. ती बिघडली असं समजून घाबरू नका, स्विच बघा.

हलकं_ओझं

एक भर. भिगवणला ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. हिवाळ्यातही साडेनऊ-दहानंतर ६० मीटरवरचा पट्टकादंब कुठल्याही लेन्सने मऊच येईल. तेव्हा डॉक काढून कॅलिब्रेशन करायला बसू नका, लेन्सचा दोष नाही. जवळचे पक्षी घ्या किंवा चहा प्या. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं काच उघडी ठेवा. आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीत मिसळते तिथेही हेच होतं.

जुनाबाजार

पावसाळ्याचंही आत्ताच ठरवा. लेन्स कापडी बॅगेत चार महिने बंद ठेवली की बुरशीला आमंत्रण. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत अर्धा किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून घ्या, परत वापरता येतं. ती कढई स्वयंपाकाला मात्र पुन्हा घेऊ नका.