फवारणी ड्रोनच्या बॅटऱ्यांची नोंद कशी ठेवता?

कपाशी_शिवार (यवतमाळ):
आमच्या बचत गटाकडे दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन आहे. बॅटऱ्यांच्या चार जोड्या आहेत, सगळ्या दिसायला सारख्या. कुठली किती वापरली हे आता कुणालाच सांगता येत नाही. एका जोडीवर एकर पूर्ण व्हायच्या आतच ड्रोन परत येतोय. रिमोटच्या ॲपमध्ये उड्डाणं दिसतात, पण बॅटरी कोणती लावली होती ते दिसत नाही. तिघी पायलट आहोत, तिघींना झेपेल अशी पद्धत सुचवा.

पंखे_आणि_पंप (जालना):
ताई, शेतात वहीच बरी. ओल्या, औषधाच्या हाताने मोबाइल धरणं नको. आधी प्रत्येक बॅटरीवर पक्क्या मार्करने जोडीचा नंबर टाका: १अ-१ब, २अ-२ब. सहा-सहा सेलच्या (बॅटरीच्या आतल्या छोट्या घटकांच्या) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक अशा साखळीत, असतात, म्हणून एक कमजोर पडली की दुसरीचंही काम थांबतं. जोड्या कधीच मिसळू नका.

उतरल्यावर जोडीचा नंबर, उड्डाणाची मिनिटं आणि सगळ्यात कमी व्होल्ट दाखवणाऱ्या सेलचा आकडा एवढंच लिहा. एकूण व्होल्टवर जाऊ नका. बारा सेलचे मिळून ४४.४ दिसले तरी त्यात एखादा सेल ३.४ वर आलेला असू शकतो, आणि ड्रोन तोच खाली आणतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सेलमधला फरक ०.१ व्होल्टच्या पुढे वारंवार जात असेल तर त्या जोडीवर लाल खूण करा.

विदर्भ_पायलट:
वहीला माझा विरोध नाही, पण रात्री ती एक्सेलमध्ये उतरवाच. बॅटरी थकतेय हे नुसत्या सायकल (किती वेळा चार्ज करून वापरली) मोजून कळत नाही, अंतर्गत रोध (बॅटरीच्या आत विजेला होणारा अडथळा) वाढताना दिसला की कळतं. बहुतेक चांगले चार्जर तो मिलिओहममध्ये दाखवतात. महिन्यातून एकदा, बॅटरी साधारण त्याच तापमानाला असताना लिहा. थंड बॅटरीत तो जास्त दिसतो, मग तुलना फसते.

दुसरा रकाना साठवणीचा. हंगाम संपला की सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे बारा सेलना ४६ च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फुल चार्ज ठेवलेली बॅटरी फुगणारच. उतरल्या उतरल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, हेही तिघींनी पाळायला हवं.

कपाशी_शिवार:
दादा, हे फार उपयोगी आहे. देखभालीची वही वेगळी ठेवू का?

पंखे_आणि_पंप:
तीच वही, मागच्या बाजूने सुरू करा. रोजच्या रोज लिहायचं ते धुण्याचं: टाकी, गाळणी, नोझल साध्या पाण्याने धुतले की नाही. औषधाचे क्षार मोटर आणि कनेक्टरवर बसतात. दुसरं म्हणजे, अधूनमधून प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट पाणी सोडा आणि आकडा लिहा. एक नोझल मागे पडला की पिकात पट्टे दिसतात, आणि शेतकरी पैसे द्यायला नाखूश होतो. पात्याला चीर गेली तर ते पातं कधी बदललं आणि कुठल्या मोटरचं, हेही लिहा.

पहिल्या पानावर ड्रोनचा युआयएन (सरकारी नोंदणी क्रमांक), विम्याची मुदत आणि तिघींच्या पायलट प्रमाणपत्रांच्या तारखा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघात झाला तर ४८ तासांत डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर कळवायचं असतं. त्या वेळी ही वही हाताशी हवी.

कपाशी_शिवार:
आज नंबर टाकले. एकर पूर्ण न करणाऱ्या जोडीतली एक बॅटरी थोडी फुगलेली दिसतेय. दुसरी चांगली आहे, तिचं काय करू?

विदर्भ_पायलट:
फुगलेली आजच बाद करा, टोचू किंवा दाबू नका. वाळूच्या बादलीत घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत नको. चांगलीला नवीन बॅटरीबरोबर जोडू नका, जुनी लवकर रिकामी होते आणि जोडी परत तशीच अडते. अंतर्गत रोध आणि क्षमता जुळणारी जुनी मिळाली तरच जोडा, आणि वहीत नवा नंबर द्या.