टू-डू ॲप चार झाली, कामं तिथंच आहेत. एडीएचडी असणारे तुम्ही रोजचं कसं निभावता?

हिशेबवही_कोथरूड
वय ३४. घरून हिशेबाची कामं करते, आसपासच्या अकरा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न माझ्याकडे असतात. गेल्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाचं निदान झालं. गोळी चालू आहे, बसल्यावर लक्ष लागतं. पण कशाला बसायचं, ते गोळी आठवून देत नाही.

दर महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्नची मुदत आली की पोटात गोळा येतो. दिवाळीनंतर एका किराणावाल्या काकांचा ३बी, म्हणजे २० तारखेचा जीएसटी रिटर्न, राहिला. आकडे तयार होते, फक्त भरायचा होता. दिवसाला ५० रुपये लेट फी, सहा दिवसांचे ३०० मीच भरले. पैशांचं काही नाही, पण काकांना फोन करून सांगताना शब्द फुटेना.

ॲप प्रत्येक वेळी आठवडाभर छान चालतं. मग उघडायचंच राहतं. घरचे म्हणतात, जरा लक्ष दे. साधं, स्वस्त आणि टिकलेलं काही असेल तर सांगा.

फेज_न्यूट्रल
ताई, मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, वय ४६, सिंहगड रोडला राहतो. मुलीला तपासताना डॉक्टरांनी मलाही चार प्रश्न विचारले, तेव्हा कळलं. तोवर मी आळशी आहे असंच धरून चाललो होतो, आणि ती वर्षं आठवली की अजून वाईट वाटतं.

ॲप सुटतं कारण बंद केलं की ते दिसत नाही. आपलं काम नजरेआड गेलं की संपलंच. रसेल बार्कली नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आलेत: काय करायचं ते आपल्याला माहीत असतं, अडतं ते ऐन वेळी करण्यात. म्हणून आठवण जिथं काम करायचं तिथंच समोर हवी. हे वाचल्यावर मी टेबलामागचा फळा काढून चपलांच्या रॅकवर ठोकला. चपला घालताना तो वाचावाच लागतो. त्यावर तीनच ओळी. एक पुसली की चौथी लिहायची. बाकी सगळं खिशातल्या वहीत. अप्पा बळवंत चौकातून एकदम डझनभर आणतो, एकाच मापाच्या, म्हणजे नवी कुठली घ्यावी यात दिवस जात नाही.

ओळ कशी लिहिता त्यावर फार आहे. ‘वारज्याचं बिल’ लिहिलं की हात हलत नाही. ‘निळी फाईल काढ, पॉइंट मोज’ लिहिलं की हलतो.

कागदी कामाचं मात्र फळ्यानेही जमेना. एक कोटेशन चार संध्याकाळी पडून होतं. भाचा नवी पेठेत एमपीएससीचा अभ्यास करायचा. त्याला डबा द्यायला गेलो आणि त्याच्या अभ्यासिकेत तासभर बसलो, कोटेशन पुरं झालं! वीस पोरं मान खाली घालून वाचत असतात, कुणी माझ्याकडे बघतही नाही, पण शेजारच्याने पान उलटलं की माझंही उलटतं. याला बॉडी डबलिंग म्हणतात हे नंतर समजलं. आता महिन्याची फी भरून जागा घेतलीय. मंगळवार-शुक्रवार, सगळी बिलं तिथंच.

रात्रपाळी
मी नर्स आहे, फळा बरोबर नेता येत नाही, त्यामुळे मला फोनचा अलार्मच लागतो. पण तो काम हातात घेता येईल त्याच वेळेचा लावायचा. बसमध्ये वाजलेला अलार्म मी बंद करते आणि विसरते. दर पंधरवड्याला धून बदलते, नाहीतर कान सरावतो.

टायमरबद्दल थोडं. टायमर लावून २५ मिनिटं काम, मग थोडी विश्रांती, ही पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोधली, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून. त्यातली २५ मिनिटं मला सुरुवातीला झेपत नाहीत. मी १० लावते. तंद्री लागली तर थांबत नाही, उठायचा अलार्म तेवढा वेगळा असतो.

आणि ताई, गोळीचं काही कमी-जास्त वाटलं तर ते डॉक्टरांशीच बोला.

हिशेबवही_कोथरूड
तीन आठवड्यांनी लिहितेय. मी दिवसभर घरातच, त्यामुळे फळा ओट्यासमोर लावला, चहा उकळेपर्यंत तोच दिसतो. अकराही नावं खडूने लिहिली. या २० ला सगळे रिटर्न गेले. दोन १९ च्या रात्री भरले, पण गेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सगळं सांगितलं, तर त्या आता दुपारी मेथी निवडायला माझ्या टेबलाशी येऊन बसतात. बोलत नाहीत. मी भरत असते, त्या निवडत असतात.

दादा, एकच अडलंय. तुम्ही तीन ओळी म्हणालात आणि माझी नावंच अकरा आहेत. सगळी एकदम दिसली की आजही हात थांबतो.

फेज_न्यूट्रल
नावं राहू द्या, ती हजेरी आहे. सकाळच्या चहाला त्यातल्या तिघांभोवती गोल करा आणि पुढे काय उघडायचं तेवढं लिहा. बाकीच्या आठांवर एखादं जुनं कॅलेंडर टांगा, संध्याकाळी काढायचं.