उचलत्या कीलवर एवढा राग कशाला?

ब्लॅकवॉटरकर: परवा इथे बोट घ्यायच्या विचारात असलेल्या एका भावाला एकाने लिहिलं, ‘उचलता कील म्हणजे बिघाडाला आमंत्रण. शहाण्याने फिन कील घ्यावा, नाहीतर बोटच घेऊ नये.’ (नव्यांसाठी: कील म्हणजे शिडाच्या बोटीच्या बुडाखाली पाण्यात उतरलेला भाग. फिन कील पक्का असतो, उचलता वर घेता येतो.) खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, सोलंटमधल्या मरिनात (बोटी बांधायच्या बंदरात) बारा महिने पाण्यात उभ्या बोटीवरून असं बोलणं सोपं आहे. एकदा एसेक्सला या. उधाणाला तिथल्या ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाचं पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, सुकतीला दोन्ही काठ नुसता चिखल. फिन कीलवाले खोल पाण्यातलं मुरिंग (बोट बांधायची जागा) शोधत फिरतात. आम्ही कील वर घेतो, चिखलात सपाट बसतो आणि पोरांना गरम जेवायला वाढतो. सदर्ली कंपनीच्या उचलत्या कीलच्या बोटी तर टेकतात त्या ओतीव लोखंडाच्या जाड पाटावर. बोटीच्या बुडाचं बरंचसं वजन त्या पाटातच असतं, म्हणून कील वर असला तरी ती लगेच कलंडत नाही. हे न बघता नावं ठेवायची?

सोलंटचा_मालवणी: ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेणार नाही. जुनी स्विंग कीलची, म्हणजे पिनेभोवती फिरून वर जाणाऱ्या कीलची बोट घ्यायला निघालो होतो. सर्व्हेअरने ती पट्ट्यांवर लटकवून कील खाली सोडला, टोकाला धरून आडवा हलवला, तर वर पिनपाशी खडखड आवाज. भोक झिजून लांबुळकं झालेलं. उचलायच्या वायरचे धागे सुटलेले, कीलच्या खाचेत गोटे अडकलेले. पिन, बुश, वायर, क्रेनचं भाडं यांची बेरीज केली आणि तिथूनच परत फिरलो. शिवाय केबिनच्या मधोमध ती कीलची पेटी! फिन कीलला हलणारं काही नाही, म्हणून बिघडणारंही काही नाही.

ब्लॅकवॉटरकर: काही नाही? २०१४ साली अटलांटिकमध्ये ‘चीकी रफीकी’चा कील निखळला, चार जण गेले. ती फिन कीलचीच बोट होती. आधी कधी बूड आपटलं असेल तर आतला सांधा सुटलेला डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. माझी पिन निदान काढून बघता येते.

सोलंटचा_मालवणी: मेलेल्यांना वादात ओढू नका. शोभत नाही.

पूलची_सून: दोघेही जरा थांबा. बिल्ज कील, म्हणजे बुडाच्या दोन बाजूंना दोन पक्के कील, कुणालाच आठवत नाही? आमची जुनी वेस्टर्ली सेंटॉर दक्षिण इंग्लंडातल्या पूल नावाच्या बंदराच्या चिखलात दोन पायांवर उभी राहते. ना पिन, ना हायड्रॉलिक, आणि किंमत तुमच्या निम्मीसुद्धा नाही. वाऱ्याच्या तोंडावर कमी चढते, कबूल. पण आम्हाला कुठे शर्यत जिंकायचीय?

अलिबागचा_नातू: उथळ बोटीचं महत्त्व मराठी माणसाला समजवावं लागतं, याचंच वाईट वाटतं. १६७९ ला खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून होती, तरी आपल्या होड्या रात्री बेटावर रसद पोचवायच्या.

सोलंटचा_मालवणी: त्या होड्यांना वल्ही होती! वारा तोंडावर असला तरी वल्हवत जायच्या. शिडावर जायचं तर पाण्यात खोल काहीतरी लागतं, नाहीतर बोट आडवी वाहते. खांदेरीवरून उचलता कील सिद्ध होत नाही.

अलिबागचा_नातू: इतिहास काढला की लगेच चिडायचं! गुराब, म्हणजे मराठ्यांचं मोठं लढाऊ जहाज, तीही उथळच होती. वारा पडला की गलबतं तिला ओढून न्यायची. आंग्र्यांना खोल बूड परवडलं नसतं, कारण त्यांची बंदरं खाड्यांत होती. जसा किनारा तशी बोट, एवढंच म्हणतोय.

पूलची_सून: गुराबीचा वेगळा धागा काढा हो. तो भाऊ खरंच बोट घ्यायच्या विचारात आहे, त्याने काय करायचं ते सांगा.

ब्लॅकवॉटरकर: आंग्र्यांचं पटलं, आणि माझं म्हणणंही तेच. लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर जगभर शिडाने फिरलेले लेखक जिमी कॉर्नेल २०१५ मध्ये सेंटरबोर्डच्याच (बुडातून वर-खाली होणाऱ्या पात्याच्या) बोटीतून नॉर्थवेस्ट पॅसेज, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेचा बर्फाळ समुद्रमार्ग, पार करून गेले.

सोलंटचा_मालवणी: ती ॲल्युमिनियमची, बलास्ट (तोल राखणारं वजन) बुडात पक्का बसवलेला, वर-खाली होतं ते नुसतं पातं. पात्याला काही झालं तरी बोट सरळ उभी राहते. तसली असेल तर माझी हरकत नाही, मात्र तिची किंमतही बघा. ज्या जुन्या बोटीत वजनच कीलमध्ये आहे, तिची पिन काढून दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नये. मालक नको म्हणाला तर दुसरी बोट बघावी.

ब्लॅकवॉटरकर: पिनेचं मान्य. बाकी एकही शब्द नाही.