घर गरम ठेवायला लाकूड कुठलं भरावं?

प्रेषक: व्हरमाँट, अमेरिका (माहेर राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही इथं एक जुनं घर घेतलं आहे. दिवाणखान्यात बिडाची मोठी शेगडी आहे आणि थंडीत बहुतेक घर तिच्यावरच गरम होतं, असं आधीच्या मालकीणबाईंनी सांगितलं. मे संपत आला, म्हणून शेजारी म्हणतात जळण आत्ताच भरा. एकजण नुसता ओक देतो, दुसरा मेपल, ॲश आणि बर्च मिसळून, तिसरा पाइन बऱ्याच स्वस्तात. सगळे कॉर्डवर, म्हणजे रचलेल्या राशीच्या मापावर विकतात. घरात तान्हं बाळ आहे, त्यामुळे धुराची काळजी वाटते. वखारवाले काका अजून आपल्या मेलच्या यादीवर आहेत ना? काका, ओकच घ्यावा का?

---

प्रेषक: मंगळवार पेठ, कोल्हापूर

ताई, नमस्कार. आहे, आणि तुमचा मेल वाचून लगेच लिहायला बसलो.

ओकचं नंतर बघू. आधी तिघांनाही विचारा, लाकूड तोडून आणि फोडून किती महिने झाले? इथं वखारीत काय आणि तिथं मुलाकडे राहत होतो तेव्हा काय, गिऱ्हाईक झाडाचं नाव विचारतं, पण ओल विचारायची राहून जाते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. शेगडीत घालायचं लाकूड २० टक्के ओलीच्या आत हवं.

त्या पाण्याची वाफ करण्यात ऊब जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते नुकसान त्या मानानं थोडं. खरं नुकसान होतं ते आग थंडावण्यानं. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि निम्म्याहून जास्त ऊब त्या वायूंच्या ज्वाळेतच असते. ते नीट पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ओल्या लाकडाची आग तिथवर पोचत नाही. मग न जळलेला धूर धुरांड्यात चढतो, वर गार होतो आणि आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो. तिकडे त्याला क्रिओसोट म्हणतात. त्या थरानं पेट घेतला की धुरांडंच जळायला लागतं. घरात बाळ आहे म्हणता, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

आपल्याकडची गुऱ्हाळं आठवा. घाण्यातून निघालेलं चिपाड कोणी तसंच चुलवाणात लोटत नाही. आधी आवारात उन्हात पसरतात, वाळलं की मगच जळण म्हणून वापरतात. अवकाळी पाऊस झाला की ऊस उभा, काहील तयार, गुळव्या हजर, आणि गुऱ्हाळ मात्र बंद, कारण चिपाड भिजलेलं. ऊस तोच, चिपाड तेच, फरक फक्त ओलीचा.

आता झाडांकडे येतो. किलोच्या हिशेबानं बघितलं तर कुठलंही वाळलेलं लाकूड जवळपास सारखीच ऊब देतं. फरक पडतो तो घनतेचा. आपल्या बाभळीचा, चिंचेचा, धावड्याचा ओंडका हातात घेतला की जड लागतो, निखारा धरतो आणि तास-दीड तास धग देत राहतो. सावर, पांगारा पोकळ जातीचे, भडकतात आणि बघता बघता राख. तिकडे ओक, हिकरी, साखरी मेपल, ॲश हे बाभळीच्या पंक्तीतले. कागदी बर्च मधला. पांढरा पाइन हलका. एक कॉर्ड साखरी मेपलची ऊब मिळवायला पांढरा पाइन साधारण दीड कॉर्ड जाळावा लागतो.

इथंच भावाची मेख आहे. आपल्या वखारीत लाकूड वजनावर विकतात, म्हणून ओलं लाकूड घेणारा पाण्याचे पैसे मोजतो. तिकडे मापावर विकतात. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली रास, १२८ घनफूट. तिथं हलकं लाकूड घेणारा पोकळ जागेचे पैसे मोजतो. त्यामुळे पाइन मेपलच्या दोन तृतीयांश भावाच्या खाली मिळाला तरच स्वस्त म्हणायचा. आणि कॉर्ड नीट रचलेली मोजून घ्या. ट्रकमधून ओतलेल्या ढिगात तेवढंच लाकूड जास्त जागा व्यापतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यंदाच्या थंडीसाठी मेपल-ॲश-बर्चचं मिश्रण घ्या, पण गेल्या वर्षी फोडलेलं असेल तरच. ओक उत्तमच, पण वाळायला फार चिवट. फोडल्यावरही त्याला बहुधा दोन उन्हाळे द्यावे लागतात. आत्ता ओला ओक घेतलात तर तो यंदाच्या नाही, पुढच्या वर्षीच्या थंडीचा माल समजा. जागा असेल तर घेऊन ठेवा, वाया जाणार नाही.

लाकूड आलं की पाच-सहा ओंडके निवडून फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला ओल मोजायचं यंत्र टोचा. ते स्वस्तात मिळतं. बाहेरून टोचलं तर खोटा आकडा येतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं बद्द. टोकांना तडे गेलेले असावेत, साल सुटू लागलेली असावी.

आपल्याकडे मिरगाच्या आधी जळण पडवीत गेलंच पाहिजे. राधानगरी-गगनबावड्याकडच्या घरांत तर त्याबाबत कुणी हयगय करत नाही. तुमचा मिरीग म्हणजे पहिलं बर्फ. तोवर रास जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर रचा, वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. बर्च तर सालीसकट अखंड ठेवूच नका. त्याची साल पाणी बाहेर सोडत नाही, लाकूड आतून कुजतं.

---

प्रेषक: मिशिगन

काकांच्या मेलला जोडून. आमच्याकडे सगळे बजावतात की पाइनमध्ये राळ असते, तो घरात जाळायचाच नाही, धुरांडं पेटतं. हे खरं का? आणि ताई, लाकूड जवळपासचंच घ्या. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये आमच्याच राज्यात सापडला आणि जळणाच्या लाकडाबरोबर दूरदूर पसरला. व्हरमाँटमध्ये तो २०१८ ला पोचला. आमच्या रस्त्यावरची ॲशची रांगच्या रांग गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

---

प्रेषक: मंगळवार पेठ, कोल्हापूर

दादा, भुंग्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

पाइनबद्दलचं बोलणं अर्धंच खरं. ओला पाइन धुरांडं काळं करतो, पण ओला ओकही करतोच. वाळलेल्या पाइनला घाबरू नका. अगदी उत्तरेकडच्या मुलखात स्प्रूस-पाइनशिवाय फारसं काही उगवत नाही, तिथली घरं त्याच्यावरच गरम राहतात. विस्तव धरायला आणि ऑक्टोबरच्या हलक्या गारठ्यात तासाभराची ऊब हवी तेव्हा तो छान. रात्रभर धग टिकवायची तर मेपल.

ताई, आणखी तीन गोष्टी. रात्री शेगडीची हवा बंद करून लाकूड धुमसत ठेवू नका, वाळलेलं लाकूडसुद्धा अशा वेळी धूर सोडतं. थोडं घाला, ज्वाळा दिसू दे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, औषध मारलेले खांब शेगडीत कधीच नाहीत, त्यातल्या काहींत आर्सेनिक असतं. आणि थंडीआधी धुरांडं साफ करून घ्या, बाळाच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो.

---

प्रेषक: व्हरमाँट

काका, मिश्र लाकडवाल्याकडे आज जाऊन आले. गेल्या जूनमध्ये फोडलेलं आहे, त्यानं माझ्यासमोर चार ओंडके फोडले. १७ ते १९ टक्के आलं. तीन कॉर्ड सांगितल्या, एक कॉर्ड ओकही घेतला, तो मागच्या बाजूला वेगळा रचते. राखेचं काय करायचं? आई भांड्यांना लावायची, इथं तेवढी लागणार नाही.

---

प्रेषक: मंगळवार पेठ, कोल्हापूर

शाब्बास! राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरा आणि बादली घरापासून लांब, दगडावर किंवा उघड्या जमिनीवर ठेवा, लाकडी डेकवर नको. आत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. पूर्ण गार झाली की भाजीच्या वाफ्यात थोडी थोडी टाका. ब्लूबेरीच्या झुडपांना मात्र नको, त्यांना आंबट माती लागते.